डाव्या हाताला श्रेय नको, शिक्षाही नको



नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे येताना औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दुरूनच दिसू लागतात. त्याच परिसरात माझे घर आहे आणि जवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीतल्या एका मुलीला घेऊन तिची आजी शाळेत आली. मुलगी चुणचुणीत, पण पाठांतरात आणि श्रुतलेखनात सारखी मागे पडत होती. आजी म्हणाली, "गुरुजी, पोर जन्माची डावरी. आम्ही धाक दाखवून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं. तरी सांगितलेलं हिच्या ध्यानात राहत नाही. डावरेपणाचाच हा दोष असंल का हो?"

शेजारी बसलेले आमचे एक सहकारी चटकन म्हणाले, "नाही हो आजी, उलट आहे! डावखुऱ्यांची स्मरणशक्ती दांडगी असते. शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय ते. उलट तुमची नात पहिली यायला हवी!"

मुलगी खाली मान घालून उभी होती. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन दाबून दाबून घट्टा पडलेला मला दिसला.

मित्रांनो, एकाने हाताला दोष दिला, दुसऱ्याने त्याच हाताला श्रेय दिले. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. एवढेच नव्हे, तर दोन्ही मतांमुळे त्या मुलीचे सारखेच नुकसान होते असे माझे म्हणणे आहे. ते का, हे तुम्हाला पटवून द्यावे म्हणून हा लेख. आधी एक कबुली देतो. मी स्वतः डावखुरा आहे. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढले की बोटांवर पट्टी बसे. म्हणजे या खटल्यात मी तटस्थ साक्षीदार नाही. तेव्हा माझे म्हणणे माझ्या शब्दाखातर मानू नका. पुराव्यावर तपासून घ्या.

डावखुरा कोणाला म्हणायचे?

'लिहितो त्या हातावरून ठरवायचे' असे तुम्ही म्हणाल. पण मग माझ्यासारख्या सक्तीने हात बदललेल्या माणसाचे काय? आणि सचिन तेंडुलकरचे काय? तो फलंदाजी उजव्या हाताने करतो, पण सही करताना पेन डाव्या हातात धरतो. म्हणूनच ओल्डफील्ड या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली दहा साध्या कामांची एक यादी प्रसिद्ध केली. लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री चालवणे, दात घासणे, सुरीने कापणे, चमचा धरणे, लांब दांड्याचा झाडू मारताना वर असणारा हात, काडी ओढणे आणि डब्याचे झाकण उघडणे. यातले प्रत्येक काम तुम्ही कोणत्या हाताने करता आणि किती ठामपणे करता, हे विचारून गुण दिले जातात. एडिंबरो येथे तयार झालेली ही यादी आजही संशोधक वापरतात.

ही यादी वर्गात वापरून पाहा, म्हणजे एक गंमत ध्यानात येईल. माणसांचे 'उजवे' आणि 'डावे' असे दोनच कप्पे नसतात. काही जण पक्के उजवे, काही पक्के डावे, आणि मधे मिश्र हातांची माणसे असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आता डावखुरे किती? २०२० साली अनेक देशांतल्या जुन्या पाहण्या एकत्र करून वीस लाखांहून अधिक माणसांचा हिशेब मांडण्यात आला. त्यात डावखुऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे साडेदहा निघाले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात साधारण पाच मुले.

ही पाच मुले हट्टी किंवा बेशिस्त असतात म्हणून डावखुरी होतात काय? मुळीच नाही. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी गर्भातल्या बाळांची चित्रे ध्वनिलहरींच्या यंत्रावर पाहिली. पोटात असताना कोणते बाळ कोणता अंगठा चोखते याची त्यांनी नोंद ठेवली आणि तीच मुले दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठले. उजवा अंगठा चोखणारी ६० बाळे होती; ती साठही उजवी निघाली. डावा अंगठा चोखणारी १५ होती. त्यांतली १० डावखुरी झाली आणि ५ उजवी. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ मध्ये सतरा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांच्या पाहणीत डावखुरेपणाशी संबंध असलेल्या ४१ जागा सापडल्या. एकच एक 'डावे जनुक' मात्र सापडले नाही. अनुवंशाचा वाटा साधारण चौथा हिस्सा धरला जातो, बाकीचा भाग गर्भातल्या वाढीचा आणि परिस्थितीचा. सांगायचे तात्पर्य, पाटी-पेन्सिल हातात येण्याच्या फार आधी हाताचा कल ठरू लागलेला असतो. 'डावलणे' या आपल्या शब्दातही डावा दडलेला आहे. पण निसर्गाने मात्र डाव्याला डावललेले नाही.

स्मृती एक नव्हे, अनेक

आजी म्हणाली, 'ध्यानात राहत नाही.' सहकारी म्हणाले, 'स्मरणशक्ती दांडगी असते.' दोघांनीही स्मरणशक्ती ही एकच वस्तू आहे असे गृहीत धरले. जणू डोक्यात एक रांजण आहे. कोणाचा मोठा, कोणाचा लहान. हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे एका दुर्दैवी माणसामुळे जगाला कळले.

अमेरिकेतील हेन्री मोलेसन याला अपस्माराचे भयंकर झटके येत. १९५३ साली, त्याच्या वयाच्या २७व्या वर्षी, डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण नव्या घटना ध्यानात ठेवण्याची त्याची शक्तीच गेली. तुम्ही त्याच्याशी बोलून खोलीबाहेर गेलात आणि थोड्या वेळाने परत आलात, तर तो तुम्हाला पहिल्यांदाच भेटल्यासारखे बोले. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला एक काम दिले. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढलेली. हात आणि कागद सरळ दिसू नयेत अशी आडोशाची सोय. आणि फक्त आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून पाहा, हात भलतीकडेच जातो! हेन्रीचाही गेला. पण तीन दिवसांच्या सरावाने त्याच्या चुका खूपच कमी झाल्या. गंमत अशी, की हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्याला दर वेळी जराही आठवण नसे. डोके विसरले, हात शिकला!

यावरून कळले की हाताची कौशल्ये साठवण्याची मेंदूची व्यवस्था वेगळी आणि घटना साठवण्याची वेगळी. पुढे १९७२ साली एंडेल टल्विंग यांनी आणखी एक भेद दाखवला. 'गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते' हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते कोणत्या दिवशी, कोणाकडून कळले हे आठवते का? बहुधा नाही. ही झाली ज्ञानस्मृती. उलट 'गेल्या सहलीत ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर माझी चप्पल तुटली' ही झाली प्रसंगस्मृती; तिच्यात जागा, वेळ आणि तुम्ही स्वतः असता.

त्याशिवाय आणखी एक चौथा प्रकार आहे. मी तुम्हाला दहा आकडी फोन नंबर सांगितला, तर तो लिहून होईपर्यंत तुम्ही मनात घोळवता. ही कामापुरती स्मृती. तिची जागा फार अपुरी असते आणि लक्ष हलले की ती रिकामी होते.

कौशल्यस्मृतीचे उदाहरण आमच्या वस्तीतच आहे. वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका आहेत. अमुक पंपाचा व्हॉल्व्ह नेमका कुठे होता असे विचारले तर ते क्षणभर गोंधळतात; मग हवेत हात पुढे करून फिरवतात आणि म्हणतात, "हां, इथं, डावीकडे, छातीच्या उंचीवर." शब्दांआधी हाताला आठवते!

आणि सर्व क्रिकेटवेड्यांसाठी दुसरे उदाहरण. नाशिकला १९३३ साली जन्मलेले बापू नाडकर्णी हे डाव्या हाताने फिरकी टाकणारे गोलंदाज. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्याच्यावरच चेंडू पाडण्याचा सराव ते करीत असे सांगतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. डावाअखेर त्यांचा हिशेब होता ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी एकही नाही. ही अचूकता डाव्या हाताच्या जन्मजात जादूची नव्हे. नाण्यावर पडलेल्या हजारो चेंडूंची ती स्मृती होती. उजव्या हाताने तोच सराव केला असता तर ती उजव्या हाताला मिळाली असती.

मग हाताचा संबंध येतो कुठे?

तरीही हात आणि स्मृती यांचा संबंध शास्त्रज्ञांनी शोधला, आणि तो प्रश्न काही वेडगळ नव्हता. त्यामागे कारण होते.

तुम्हाला ठाऊक आहेच की मेंदूचा डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू हलवतो आणि उजवा गोलार्ध डावी बाजू. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात त्यांना बिघाड आढळला. असे आणखी रुग्ण पाहिल्यावर १८६५ मध्ये ब्रोका यांनी वाचेचे केंद्र डावीकडे असते असे प्रतिपादन केले. मग लोकांनी तर्क केला, की उजव्यांची भाषा डावीकडे, तर डावखुऱ्यांची उजवीकडे असणार! हा तर्क दिसायला सरळ, पण खोटा ठरला. १९७७ साली अपस्माराच्या रुग्णांची एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. उजव्यांपैकी ९६ टक्के लोकांची भाषा डाव्या गोलार्धात होती. आणि डावखुऱ्यांपैकीसुद्धा ७० टक्के लोकांची डाव्याच गोलार्धात होती. उरलेल्यांपैकी निम्म्यांची उजवीकडे आणि निम्म्यांची दोन्हीकडे. म्हणजे बहुसंख्य डावखुऱ्यांच्या मेंदूत भाषेची मांडणी उजव्यांसारखीच असते. फरक आहे, पण तो आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा नाही.

स्मृतीच्या बाबतीतही डावे-उजवे आहे. कानशिलामागचा मेंदूचा डावा भाग काढावा लागलेल्या रुग्णांना शब्द आणि गोष्टी ध्यानात ठेवणे जड जाते. उजवा भाग काढलेल्यांना चेहरे, जागा आणि आकृत्या. तेव्हा डावखुऱ्यांची स्मृती वेगळी असेल का, असा प्रश्न कोणालाही सुचेलच.

दावा आणि त्याची परीक्षा

आमच्या सहकाऱ्यांनी कुठेतरी वाचलेला तो 'सिद्ध झालेला' शोध आता पाहू. अमेरिकेतील स्टीफन ख्रिस्टमन आणि रूथ प्रॉपर यांनी २००१ पासून काही प्रयोग प्रसिद्ध केले. २००५ च्या प्रयोगात त्यांना दिसले, की मिश्र हातांच्या लोकांना शब्द आणि स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग पक्क्या उजव्यांपेक्षा थोडे अधिक आठवतात. नीट वाचा! फरक 'डावे विरुद्ध उजवे' असा नव्हता. तो 'मिश्र विरुद्ध पक्के' असा होता. आणि तो प्रसंगस्मृतीपुरता होता. साऱ्या स्मरणशक्तीचा नव्हता. 'डावखुऱ्यांची स्मरणशक्ती दांडगी' हे वाक्य त्या शोधनिबंधात नव्हतेच. ते बातमीत आणि गप्पांत तयार झाले.

त्या दोघांचे स्पष्टीकरण असे होते. मेंदूच्या दोन गोलार्धांना कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे वीस कोटी तंतूंचा पट्टा जोडतो. मिश्र हातांच्या लोकांत या पुलावरची रहदारी अधिक असावी आणि प्रसंग आठवायला दोन्ही गोलार्धांचे सहकार्य लागत असल्याने त्यांना फायदा होत असावा. याच कल्पनेवरून पुढे असाही दावा झाला, की आठवण्याआधी अर्धा मिनिट डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले तर स्मृती सुधारते.

इथे विज्ञानाची खरी शिस्त दिसते. या दाव्यावर विश्वास असलेले आणि नसलेले संशोधक एकत्र बसले. प्रयोग कसा करायचा, काय निघाले तर कोण बरोबर, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले आणि मगच प्रयोग केला. त्याचा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. डोळे फिरवण्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही.

म्हणून मिश्र हातांचा फरक खोटा ठरला असे मी म्हणणार नाही. तो प्रयोग डोळे फिरवण्याचा होता, हातांचा नव्हता. पण एवढे नक्की की पूल, रहदारी आणि सहकार्य हे सुंदर स्पष्टीकरण अजून पक्क्या पायावर उभे नाही.

आणि समजा, तो फरक अगदी खरा आहे. तरी तो सरासरीतला फरक आहे. निफाडच्या दोन द्राक्षबागा घ्या. एका बागेच्या द्राक्षांची सरासरी गोडी दुसरीपेक्षा किंचित जास्त आहे. आता दोन्ही बागांतला एकेक घड मी तुमच्यासमोर ठेवला, तर कोणता घड गोड हे बागेचे नाव ऐकून सांगता येईल का? चाखूनच पाहावे लागेल. एका मुलीचा हात पाहून तिची स्मृती सांगणे हे बागेचे नाव ऐकून घडाची गोडी सांगण्यासारखे आहे.

खरा तोटा कुठे होतो?

'ठीक आहे,' तुम्ही म्हणाल, 'हाताने स्मृती ठरत नाही. मग हात बदलला तर बिघडले कुठे?' इथेच माझा मुख्य मुद्दा आहे.

१९९४ साली फ्रान्समधील बूर्दँ आणि फायॉल यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना शब्दांच्या लहान याद्या ऐकवल्या आणि लगेच त्या सांगायला लावल्या. कधी तोंडी, कधी लिहून. तोंडी सांगताना मुलांना जास्त शब्द आठवले, लिहिताना कमी. मोठ्या माणसांत मात्र हा फरक नव्हता. मग मोठ्यांना सवय नसलेल्या वळणाची अक्षरे काढायला लावली. झाले! त्यांनाही कमी शब्द आठवू लागले. याचा अर्थ सरळ आहे. हाताला अक्षर सरावाचे झाले नसेल, तर ते काढण्यात लक्ष खर्च होते. आणि तेच लक्ष कामापुरत्या स्मृतीला हवे असते. डबा एकच, त्यातून हाताने खाल्ले तर आठवणीला उरत नाही.

हे तुम्ही उद्याच वर्गात करून पाहा. दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकाने साधे शब्द वाचायचे; आधी तीन, मग चार, मग पाच, असे वाढवत जायचे. दुसऱ्याने ऐकून झाल्यावर क्रमाने लिहायचे. एकदा नेहमीच्या हाताने आणि नव्या याद्या घेऊन एकदा दुसऱ्या हाताने. अर्ध्या वर्गाने आधी नेहमीच्या हाताने आणि अर्ध्याने आधी दुसऱ्या हाताने करावे, म्हणजे सरावाचा किंवा थकव्याचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. दुसऱ्या हाताने लिहिताना शब्द कसे निसटतात ते पाहा. आणि मग विचार करा, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला वर्षानुवर्षे हेच करायला लावले आहे. त्याला आपण 'विसराळू' म्हणतो!

सरावाने हात तयार होतो हे खरे. माझा झाला. हात बदललेली कितीतरी माणसे उत्तम शिकली, मोठी झाली. हात बदलल्याने मेंदूला इजा होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे आजीच्या चुकीची जागा माझ्या चुकीने घेणे. पण एक गोष्ट पाहा. जर्मनीतील संशोधकांनी लहानपणी हात बदलायला लावलेल्या प्रौढ माणसांचे मेंदू लिहिताना तपासले. ही माणसे अनेक वर्षे उजव्या हाताने लिहीत होती. तरी त्यांच्या मेंदूत जन्माच्या उजव्यांसारखे चित्र दिसले नाही. उजव्या गोलार्धातील भागही कामाला लागलेले दिसले. हा अभ्यास २००२ सालचा. म्हणजे सक्तीने हात बदलतो, पण मूळचा डावखुरा मेंदू उजवा होत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

काही जण विचारतील, पंचवटीत देवळात प्रसाद घेताना, पंगतीत जेवताना काय करायचे? तो रिवाजाचा प्रश्न आहे आणि तो ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावा. प्रसाद घेणे क्षणाचे काम आहे. लिहिणे रोजचे, तासन् तास चालणारे काम आहे, आणि त्यावर मुलाचे गुण, अभ्यासाची गोडी आणि स्वतःबद्दलचे मत अवलंबून आहे. दोन्ही गोष्टींना एकच नियम लावू नये.

शिक्षकांना विनंती, विद्यार्थ्यांना काम

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, डावखुऱ्या मुलासाठी खर्च काहीच नाही. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. वहीचा वरचा भाग जरा उजवीकडे कलता ठेवायला शिकवा. आपली देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो आणि शाई फासली जाते. हात ओळीच्या खाली ठेवायची सवय लावली की हे टळते. ज्या खुर्च्यांना लिहायची फळी उजवीकडे असते, त्यांवर परीक्षेला त्याला बसवू नका. आणि कृपा करून 'डावखुरे हुशार असतात' असेही त्याला सांगू नका. हुशारी हाताची आहे असे सांगितले, तर अपयश आले की ते मूल आणखी खचते.

विद्यार्थ्यांनो, स्मृती वाढवायची असेल तर हाताकडे नव्हे, रीतीकडे पाहा. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना ५६ टक्के. हा फायदा कोणत्याही हाताच्या मुलाला मिळू शकतो.

आणखी एक काम. ओल्डफील्डची दहा कामांची यादी आणि वीस शब्दांची आठवण, ही चाचणी तुमच्या वर्गात घ्या. पण निकाल फळ्यावर लिहिण्याआधी थांबा. पन्नासांच्या वर्गात डावखुरे पाचच. त्यातला एक जण त्या दिवशी तापाने फणफणला असेल, तर सरासरी कोसळेल. एखादा पाठांतरपटू असेल, तर आभाळाला टेकेल. पाच जणांवरून नियम काढू नये. दहा शाळांनी एकाच पद्धतीने आकडे जमवले, तर काही बोलता येईल. घाईने निष्कर्ष न काढणे हेही विज्ञानच आहे.

राहिली ती मुलगी. मी आजीला मुलांवर केलेला तो शब्दांचा प्रयोग करून दाखवला. प्रयोगाचा विषय खुद्द आजीच! डाव्या हाताने आपले नाव लिहिताना आजी घामाघूम झाली आणि मधेच मी विचारलेला बाजारभाव विसरली. मग हसून म्हणाली, "अस्सं होतं होय पोरीचं!" आता मुलगी कच्च्या वहीत डाव्या हाताने लिहिते. अक्षर अजून वाकडे आहे. सहा वर्षांची सवय महिन्यात कशी जाईल? तिची स्मरणशक्ती वाढली का, असे विचाराल तर ते मी मोजलेले नाही, म्हणून सांगणार नाही. पण परवा श्रुतलेखन संपल्यावर ती मान वर करून बसली होती. मधल्या बोटावरचा घट्टाही थोडा मऊ झाला आहे.

तुमच्या वर्गातल्या त्या चार-पाच मुलांकडे उद्या जरा नीट पाहा. त्यांना शाबासकी द्यायची तर त्यांच्या कामाबद्दल द्या, आणि चूक दाखवायची तर तीही कामातलीच दाखवा. हाताला त्याचे काम करू द्या.